एबरलेबाईंची पाटी

हे मी ज्या पेनानं लिहितोय ते फुकटचं आहे. निळं, गुळगुळीत, आणि त्याच्या अंगावर आमच्या खासदाराचं नाव छापलेलं. नाव मी इथं लिहिणार नाही. त्याच्यावर शाई कशाला घालवू? शाई एबरलेबाईंसाठी ठेवलीय. पेनही त्यांचंच. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खणात अशी तीस-चाळीस पेनं पडलेली असायची. निवडणूक आली की हा गडी आमच्या बाजारचौकात मोठी छत्री रोवून उभा राहायचा, पेनं आणि ब्रेत्सेल, म्हणजे इथला पीळ घातलेला खारा पाव, वाटायचा. बाई न चुकता जायच्या, ब्रेत्सेल नको म्हणायच्या, पेन घ्यायच्या आणि रविवारी शाळेत जाऊन त्यालाच मत देऊन यायच्या. शेवटच्या वर्षी मात्र त्यांनी ती सगळी पेनं टेबलावर ओतली आणि एकेक पेन उचलून त्यालाच पत्रं लिहायला लागल्या. "त्याचीच शाई त्याच्या तोंडाला," म्हणायच्या.

माझं शिक्षण चौथी. गाव नगर जिल्ह्यातलं. बायको सुशीला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली, तिला जर्मनीत नोकरी लागली आणि मी तिच्या मागून आलो. गावात लोक म्हणाले, शांतवन साळवे बायकोचा पदर धरून परदेशी गेला. गेलो. मग? त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात रंगखात्यात मी तीस वर्षं काढली, कुणापुढं हात पसरला नाही. सुशीला जाऊन दीड वर्ष झालं. मुलगा बॉनला असतो. फोनवर म्हणतो, "बाबा, काहीतरी लिहा. नुसते भिंतीकडे बघत बसू नका." त्याला वाटतं मी त्याच्या आईवर लिहीन. दोनदा बसलो, दोनदा कागद फाडला. तिच्यावर मला नाही लिहिता येत. म्हणून एबरलेबाईंवर लिहितो.

बाई आमच्या डोक्यावर राहायच्या, म्हणजे वरच्या मजल्यावर. अंगानं काटकुळ्या, केस मशीन फिरवल्यासारखे बारीक, आणि कायम निळ्या चौकड्यांचा बिनबाह्यांचा एप्रन. घराबाहेर पडताना तो काढून दारामागच्या खिळ्याला लावायच्या. एप्रन घालून रस्त्यावर जाणं म्हणजे त्यांच्या हिशेबी उघडंच जाणं. चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर काढलेली बाई. त्यामुळे कुणाच्याही हातातला कागद त्या आधी उलटा करून मागची बाजू वाचायच्या. "खरं मागं लिहिलेलं असतं," म्हणायच्या.

आमच्या भागात एक रीत आहे. घरात जेवढी बिऱ्हाडं, तेवढ्यांनी आळीपाळीनं जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा, पुसायचा. केरवोखं म्हणतात त्याला. केर आपलाच म्हणा, वोखं म्हणजे आठवडा त्यांचा. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दाराला दोरीनं एक लाकडी पाटी टांगतात. आठवडा संपला की त्यानं ती पाटी शेजारच्या दाराला लावायची. बोलायचं काही नाही. पाटी दिसली की समजायचं, आता घाण दिसली तर जाब तुला.

या घरात आलो तेव्हा पहिल्याच शनिवारी पाटी आमच्या दाराला. मला वाटलं, आहे काय त्यात? आपल्याकडं अंगण धुतात तसं मी चार बादल्या पाणी वरून सोडलं आणि खराट्यानं खसाखसा जिना धुतला. जिना लख्ख झाला. पाणी गेलं तळघरात. तळघरात एबरलेबाईंचे हिवाळ्याचे बटाटे. बाई खाली आल्या, बटाट्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाल्या, "हेर साळवे, तुम्ही जिना धुताय की बुडवताय?" हेर म्हणजे इथलं श्रीयुत. मग स्वतः गुडघ्यावर बसून ओला फडका पिळायचा कसा, पायरीचा कोपरा बोटानं काढायचा कसा, ते दाखवलं. पन्नाशीच्या बाईनं मला फरशी पुसायला शिकवली. मला राग आला होता. आत सुशीला तोंडाला पदर लावून हसत होती.

पुढच्या शनिवारी मी पायऱ्या पुसल्या आणि बाईंची वाट बघत उभा राहिलो. त्या उतरल्या, कोपऱ्यातून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि निघून गेल्या. मी सुशीलाला म्हणालो, "बघ, एक शब्द बोलली का?" ती म्हणाली, "अहो, इथं शिवी दिली नाही म्हणजे कौतुक केलं असं समजतात." तीस वर्षांत बाईंनी माझं एवढंच कौतुक केलं, पण भरपूर वेळा केलं.

आता मूळ गोष्ट.

सुशीला दर गुरुवारी शहरातल्या चर्चच्या गायनमंडळात जायची. आमच्या स्टेशनापासून गाडीनं चार स्टेशनं. खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांत दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी खुर्ची तिची. नोकरी संपली, गुडघे संपले, पण गुरुवार संपला नाही. मग कंबरेच्या हाडात रोग निघाला आणि ती चाकाच्या खुर्चीत आली. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन किती दिवस ते सांगितलं. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मला गुरुवार तेवढा ठेवा. बाकी सगळं सोडते."

आणि स्टेशनाची लिफ्ट बंद पडली.

आमचं स्टेशन असं आहे की खाली बोगदा, वर फलाट. एकोणचाळीस पायऱ्या. लिफ्ट नाही तर चाकाची खुर्ची वर जात नाही. बस होती, पण दोनदा बदलायची आणि दीड तास. तेवढा वेळ तिला बसवत नव्हतं. लिफ्टच्या दारावर कागद चिकटवला होता : "दुरुस्ती चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व." पहिल्या महिन्यात कागद पांढरा होता. चौथ्या महिन्यात पिवळा झाला. कुणी सुटा भाग परदेशातून यायचाय म्हणालं, कुणी म्हणालं दुरुस्ती करणारी कंपनीच बदललीय. माणूस म्हणून तिथं एकही दिसला नाही. तीस वर्षं मी गाड्या रंगवल्या. एक गाडी डागी निघाली तर संध्याकाळपर्यंत माझं नाव शोधून काढायचे. इथं अख्खी लिफ्ट मेली होती आणि बापाचा पत्ता नाही.

पहिल्या गुरुवारी मी आणि एबरलेबाईंनी तिला उचलून नेलं. मी सत्तरीचा, बाई त्याहून मोठ्या. मी खुर्ची मागून धरली, त्यांनी पुढून. अकराव्या पायरीवर बाईंचा गुडघा कटकन वाजला. सुशीला ओरडली, "ठेवा! ठेवा मला खाली! मला गाणं म्हणायचंय, तुम्हा दोघांना पुरायचं नाहीये!" आम्ही परत उतरलो. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. मला म्हणाल्या, "हेर साळवे, आठवडा कुणाचा?"

मला कळेना.

"या लिफ्टचा. आठवडा कुणाचा? कुणाच्या दाराला पाटी आहे?"

त्या दिवशी त्यांनी पेनांचा खण ओतला.

पहिलं पत्र रेल्वेला. उत्तर आलं, शहराला विचारा. शहर म्हणालं, रेल्वेला विचारा, आणि रेल्वे तर केंद्राची, म्हणजे बर्लिनची. मग बर्लिनला आम्ही कुणाला पाठवलंय? त्यालाच. तर त्याला पत्र. पंधरा दिवसांनी जाड कागदावर उत्तर : तुमच्या पत्राबद्दल आभार, तुमची अडचण मी चांगलीच समजू शकतो, हा विषय माझ्या मनाच्या फार जवळचा आहे. बाईंनी कागद उलटा केला. मागं कोरा. त्यांनी लाल पेन्सिलीनं "समजू शकतो"खाली रेघ ओढली, बाजूला लिहिलं, "समजायला लिफ्ट लागत नाही. चढायला लागते," आणि तेच पत्र त्याला परत पाठवलं. अशी नऊ पत्रं गेली. नऊही वेळा मनाच्या जवळ. त्या माणसाच्या मनाजवळ एवढी गर्दी कशी मावत होती देव जाणे.

एकदा मी म्हणालो, "बाई, एवढा राग आहे तर पुढच्या वेळी मत देऊ नका."

त्या बटाटे सोलत होत्या. सुरी थांबली.

"माझ्या वडिलांनी यांनाच मत दिलं. नवऱ्यानं यांनाच दिलं. मी घरातलं जुनं भांडं वापरावं तसं यांनाच देत आले. दुसऱ्या कुणाला देऊ? एक पक्ष तुम्हाला घरी हाकलायला निघालाय. दुसऱ्याला आमचं गाव नकाशावर सापडत नाही." मग सुरी माझ्यावर रोखून म्हणाल्या, "मला दुसरा माणूस नकोच. मी पाठवलाय तोच माणूस कामाला लागलेला मला बघायचाय. मी पाठवलाय त्याला, हेर साळवे. म्हणजे सुझीच्या लिफ्टचा आठवडा थोडा माझाही आहे."

सुशीलाला त्या सुझी म्हणायच्या. मला कायम हेर साळवेच.

मग आम्ही त्याच्या कचेरीत गेलो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो लोकांना भेटतो. कचेरी बाजारचौकातच, आम्ही खुर्ची ढकलत गेलो. नोव्हेंबर, हवेत बर्फाचा वास. बाईंनी एप्रन काढून काळा कोट घातला होता, काखेत कागदांची फाईल आणि हातात कापडी पिशवी. पोचलो तर काय? नागरिकांना भेटायच्या कचेरीला तीन पायऱ्या! शेजारी उतार नाही की फळी नाही. सुशीला खुर्चीत बसून त्या पायऱ्यांकडं बघत राहिली आणि तिला हसू फुटलं. मला फुटलं नाही.

आतली पोरगी म्हणाली, एकानं आत यावं. बाई म्हणाल्या, "नाही. त्यानं बाहेर यावं."

आला. बिनकोटाचा, चकचकीत बूट, हात आधीच पुढं. सुशीलापुढं वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द सोडवून बोलला, "तुम्हाला — जर्मन — समजतं — का?"

सुशीला अस्सल इथल्या बोलीत म्हणाली, "तुमच्या आई माझ्या वॉर्डात सहा आठवडे होत्या. रोज सकाळी मी त्यांना उचलून बसवायची. त्या माझ्याशी एवढं हळू बोलत नव्हत्या."

त्याचे कान लाल झाले. पण पुढारी तो पुढारीच. एका दमात सांगून गेला की लिफ्ट रेल्वेची, रेल्वे सरकारची असली तरी कंपनी आहे, कंपनीत आपण ढवळाढवळ करत नाही, आधीच्या सरकारनं घोळ केला, आणि या भागासाठी आपण रात्रंदिवस झटतोय.

बाईंनी फाईल उघडली. "स्टेशनं दुरुस्त करायला जास्त पैसा द्यायचा ठराव बर्लिनमध्ये आला होता. तुम्ही विरोधात हात वर केलात. पेपरात आहे."

"फ्राउ एबरले, ते इतकं साधं नसतं."

"हात कुणाचा होता?"

"पक्षाचा निर्णय —"

"पक्षाला हात नसतात. हात तुमचा होता. तोच आता पुढं केलात ना?"

चौकात दोन-चार माणसं थांबली होती. तो म्हणाला, मी नक्की लक्ष घालतो, आणि आत जायला वळला. बाईंनी पिशवीतून आमच्या जिन्याची पाटी काढली आणि तो बघतोय तोवर त्याच्या दाराच्या मुठीला टांगली. दोरी नीट सरळ केली. म्हणाल्या, "तुम्ही इथलेच आहात. याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको."

आमच्या घरात मात्र त्या आठवड्यात गोंधळ. पाटीच नाही, तर आठवडा कुणाचा तेच कळेना. तिसऱ्या मजल्यावरच्या काउफमानसाहेबाला रात्री झोप नाही, सकाळी दारं ठोठावतोय. जिना कुणी झाडला नाही. दहा दिवसांनी मोठ्या पाकिटातून पाटी परत आली, सोबत चिठ्ठी : "आपली वस्तू आमच्या कार्यालयात विसरली होती." बाईंनी चिठ्ठी उलटी केली. कोरी.

"विसरली म्हणे," त्या म्हणाल्या. मग एप्रनच्या टोकानं ती पाटी दोन्ही बाजूंनी पुसत राहिल्या.

फेब्रुवारीत सुशीला गेली. लिफ्ट चालू असती तरी गेलीच असती, मी खोटं लिहिणार नाही. पण तिचे शेवटच्या नऊ महिन्यांतले सगळे गुरुवार त्या एकोणचाळीस पायऱ्यांनी खाल्ले. गायनमंडळाची माणसं एकदा घरी येऊन गेली, केक आणला. केक म्हणजे गाणं नव्हे. गुरुवारी साडेचारला ती खुर्ची खिडकीशी न्यायला सांगायची, आणि पाच वाजले की तोंड मिटून नुसती गुणगुणायची. वरच्या मजल्यावर बाई तेवढा वेळ चालायच्या नाहीत, पावलाचा आवाज नको म्हणून. हे मला कुणी सांगितलं नाही. माझं मला कळलं.

ती गेल्यावर दोन महिने पाटी माझ्या दाराला आलीच नाही. मला वाटलं, मोजण्यात चूक होतेय. एका शनिवारी पहाटे दार उघडलं तर बाई दुखऱ्या गुडघ्यावर बसून माझ्या आठवड्याची पायरी पुसत होत्या. मी म्हणालो, "बाई, उठा." त्या वर न बघता म्हणाल्या, "आत जा, हेर साळवे. फरशी ओली आहे."

एप्रिलमध्ये, म्हणजे बरोबर अकरा महिन्यांनी, लिफ्ट दुरुस्त झाली. निवडणूक तोंडावर होती, हे वेगळं सांगायला नको. घरोघर पत्रक आलं : खासदारसाहेबांच्या अथक प्रयत्नांना यश. आणि बाईंना वेगळं आमंत्रण, की या प्रश्नावर चिकाटीनं लढलेल्या नागरिक म्हणून लिफ्टमध्ये पहिला मान आपला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. तो निवडून आला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी त्याच्या कचेरीत जातो, कारण त्या तीन पायऱ्या अजून तशाच आहेत. पोरगी म्हणते, हेर साळवे, तुम्ही परत? मी म्हणतो, पायऱ्या परत. माझं जर्मन मोडकं आहे, पण तेवढं पुरतं. एबरलेबाई आता नाहीत. लिफ्टच्या समारंभानंतर दुसऱ्या दिवशी माझा आठवडा काउफमानसाहेबावर सोपवून मी बॉनला मुलाकडं गेलो. तीन आठवड्यांनी परतलो तोवर त्या घरात कोसळल्या होत्या, लेक त्यांना उल्मला घेऊन गेली होती. तिथूनच त्या गेल्याचं काळ्या काठाचं कार्ड आलं. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या समारंभाच्या दिवशीच.

गुरुवार होता. दुपारचे सव्वाचार. बोगद्यात फुगे, लाल फीत, पेपरचा फोटोवाला, आणि पेनांची परडी. बाई आल्या आणि मी बघतच राहिलो. एप्रन अंगावर होता. हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. त्यानं फीत कापली, दार उघडलं, आतला दिवा लागला. तो दाराला हात लावून अदबीनं म्हणाला, "फ्राउ एबरले, या. पहिला मान तुमचा."

बाईंनी आत डोकावून बघितलं. कोपऱ्यात बोट फिरवलं. बोट बघितलं.

"पहिला नंबर जिचा होता ती फेब्रुवारीत गेली," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिच्याशी फार हळू बोलला होतात. कामसुद्धा त्याच गतीनं केलंत."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. खासदार हसू धरून होता, पण हसण्यात आता कुणी नव्हतं. बाई वळल्या आणि पायऱ्यांकडं निघाल्या. मी म्हणालो, "बाई, गुडघा!" त्या म्हणाल्या, "गुडघा माझा आहे, हेर साळवे. त्याचा आठवडा कुणाचा ते मला माहीत आहे."

एकोणचाळीस पायऱ्या. डावा हात कठड्याला, उजव्यात काठी, एकेका पायरीवर दोन्ही पाय. मी मागं दोन पायऱ्या सोडून, पडल्या तर धरायला. अकराव्या पायरीवर थांबल्या, पुन्हा निघाल्या. मधेच कुणीतरी टाकलेला ब्रेत्सेलचा कागद वाकून उचलला आणि एप्रनच्या खिशात घातला. खाली लिफ्ट दार उघडून उभी होती. मग दार आपोआप मिटलं आणि ती रिकामीच वर आली, आमच्या आधी.

शहराकडं जाणारी गाडी लागत होती. मला वाटलं बाई बाकावर टेकतील. त्या सरळ गाडीच्या दाराशी गेल्या.

"कुठं निघालात?"

"पाचला सुरू होतं ना सुझीच्या मंडळाचं गाणं? कुणीतरी जाऊन सांगायला पाहिजे, लिफ्ट झाली म्हणून." आत चढल्या, वळल्या, पिशवीतून पाटी काढली आणि माझ्या हातात दिली. "पुढचा आठवडा तुमचा."

दार मिटलं. खिडकीशी त्या ताठ बसल्या होत्या, मांडीवर काठी, अंगावर निळ्या चौकड्यांचा एप्रन. एवढ्या वर्षांत तो अंगावर ठेवून गावाबाहेर निघालेल्या मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बोटानं खिडकीचा कोपरा पुसत होत्या.